आयुष्याची पैसेवारी काढायची तर नीट काढा

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या लोकांची 'क्वालिटी ऑफ लाइफ' मोजावी का नाही, यावर आपल्याकडे जो वाद चालतो तो ऐकून डोकं भणभणायला लागतं. एका बाजूला डॉक्टर आणि यंत्रणेतली मंडळी, त्यांचं म्हणणं की व्हायरल लोड (रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण) दबला, माणूस कामाला लागला, आता अजून काय पाहिजे, हे सुखबिख मोजणं म्हणजे पोट भरलेल्या देशांचे चोचले. दुसऱ्या बाजूला कार्यकर्ते आणि थोडी साहित्यिक मंडळी, त्यांचं म्हणणं की माणसाचं दुःख काय काट्यावर टाकून मोजता का, हा तर त्याचा अपमान झाला. गंमत अशी की दोघं वेगवेगळ्या दारांनी येतात आणि एकाच खाटेवर बसतात: मोजू नका. माझं म्हणणं उलटं आहे. मोजलंच पाहिजे, दरवर्षी आणि तालुकावार मोजलं पाहिजे, फक्त तो आकडा पेशंटचे मार्क म्हणून लिहायचा नाही, ते मार्क दवाखान्याचे, तहसीलचे, एसटीचे आणि गावाचे आहेत.

आधी डॉक्टर मंडळींचं जे खरं आहे ते कबूल करून टाकू, कारण ते थोडंथोडकं नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांतून एआरटी, म्हणजे व्हायरस दाबून ठेवणारी औषधं, फुकट मिळायला लागली, त्याच्या आधी आमच्या विदर्भाच्या पट्ट्यात ही माणसं कशी गेली ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच माहीत. वजन उतरत जायचं, तोंड आतून पांढरं पडायचं, जुलाब थांबायचे नाहीत, आणि तेरवीला आलेली माणसं एकमेकांना सांगायची की टीबी झाला होता म्हणे. तोच आजार आता दिवसाला एका गोळीवर आला. व्हायरल लोड मशीनला सापडणार नाही इतका खाली राहिला तर शारीरिक संबंधातूनही व्हायरस पुढे जात नाही हे आता पक्कं झालंय, आणि पॉझिटिव्ह बाईला निगेटिव्ह लेकरू होणं यात कोणाला नवल वाटत नाही. देशात पंचवीस लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसोबत जगतात, राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, एवढ्या लोकांचा कार्यक्रम चालवायचा तर साधा स्वच्छ आकडा लागतोच. ९५-९५-९५ चं टार्गेट त्यासाठीच: शंभरातल्या ९५ जणांना आपलं स्टेटस माहीत, त्यातले ९५ टक्के औषधावर, त्यातल्या ९५ टक्क्यांचा व्हायरस दबलेला. मशीन लाजत नाही, सासू बाजूला बसली म्हणून त्याला खोटं बोलावं लागत नाही. हे सगळं मान्य. मग विषय संपला का?

याच कार्यक्रमाचा इतिहास पाहा. सुरुवातीच्या वर्षांत जी स्वस्त गोळी सगळीकडे दिली जायची तिच्यात स्टॅव्ह्युडिन होतं. जीव वाचवला त्या गोळीने, यात वादच नाही. पण ती वर्ष-दोन वर्षं घेतल्यावर बऱ्याच जणांचे गाल बसायला लागले, हातापायांच्या शिरा वर आल्या, काहींच्या तळपायांची आग रात्रभर होत राहायची. रिपोर्ट म्हणायचा सीडी-४ (आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) वाढला, पेशंट एकदम ओके. गाव तोंडाकडे पाहून म्हणायचं, "ह्याले तोच आजार हाय." ज्या औषधाने माणूस वाचला त्याच औषधाने त्याचं गुपित त्याच्या चेहऱ्यावर छापलं, आणि सीडी-४ च्या रकान्यात हे कुठे लिहिणार? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या शेवटी हे औषध हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं, आपल्याकडून ते जायला अजून काही वर्षं गेली. मग एफाविरेंझ आलं, रात्री झोपताना घ्यायची गोळी, घेतली की डोकं गरगरायचं आणि भलतीसलती स्वप्नं पडायची. आता आमच्याकडे शेतीची लाइन कितीतरी वेळा रात्रीच येते, त्या माणसाने गोळी घेऊन झोपावं का बॅटरी घेऊन हरभऱ्याला ओलीत करायला वावरात जावं? तो एखाद्या रात्री गोळी सोडायचा. मग काउन्सेलिंगच्या टेबलावर तो 'बेजबाबदार पेशंट' ठरायचा. त्याला कोणी पद्धतशीर विचारलं असतं की बाबा काम करता येतं का, झोप कशी लागते, आणि ते उत्तर आकड्यात वर गेलं असतं, तर निदान दोष कोणाचा हे तरी कळलं असतं.

अजून एक आकडा सांगतो. आजारांचा जगभराचा जो हिशेब मांडतात त्यात प्रत्येक आजाराला एक वजन दिलेलं असतं, शून्य म्हणजे ठणठणीत आणि एक म्हणजे मेल्यातच जमा. एआरटीवर असलेल्या एचआयव्हीचं वजन आहे ०.०७८, म्हणजे आठ टक्क्यांहूनही कमी नुकसान. हे कसं काढलं? सामान्य लोकांना दोन माणसांची छोटी वर्णनं ऐकवली आणि विचारलं यातला जास्त तब्येतीने बरा कोण. एआरटीवाल्या माणसाच्या वर्णनात काय होतं, तर अधूनमधून ताप-इन्फेक्शन, रोजची गोळी, तिने कधीकधी जुलाब. बस. शरीराचा हिशेब म्हणून हे चुकलेलं नाही, आणि हिशेब करणारेही हा फक्त तब्येतीचा तोटा आहे असंच म्हणतात. पण आपल्याकडे "आता एचआयव्ही म्हणजे शुगर-बीपीसारखंच" हे वाक्य जे सर्रास फेकलं जातं ते याच हिशेबाच्या जोरावर. शुगरची गोळी कोणी लेबल खरवडून ठेवतं का?

मी काही वर्षं एका संस्थेसाठी असे क्वालिटी ऑफ लाइफचे फॉर्म भरून घेत फिरलोय, तेव्हा ह्या गोष्टी जवळून पाहिल्या. तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते, एसटीत बाजूच्या बाईने विचारलं काय आहे तर काय सांगायचं, म्हणून बाया बाटलीत वेचणीचा कापूस कोंबतात. सेंटरमधून बाहेर पडल्याबरोबर लेबल सोलून नालीत. उपचाराच्या नोंदींच्या हिरव्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, आणि ते घरात नाही तर कुटाराच्या ढिगात किंवा माहेरच्या पेटीत. एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्हीबाधितांना शंभर टक्के सवलत आहे, चांगली गोष्ट, पण ती घ्यायची तर कंडक्टरला कागद दाखवावा लागतो, आणि कंडक्टर निघतो बाजूच्या गावचा. सवलतीच्या त्याच यादीत सिकलसेलवाले पण आहेत आणि सिकलसेल आमच्या भागात घरोघरी माहीत, त्यामुळे एक बाई मला हसत म्हणाली, "म्या सांगून देल्लं, मले सिकलसेल हाय." दुसरी एक जण सवलत असूनही पूर्ण तिकीट काढून जायची, दिवसाची मजुरी बुडवून वरून तिकिटाचे पैसे. दोघींचा व्हायरल लोड दबलेला, तिन्ही ९५ मध्ये दोघी बसतात. आता या दोघींचं आयुष्य सारखं आहे का, आणि नसेल तर तो फरक कोणत्या रजिस्टरमध्ये दिसतो?

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ, दुःख मोजणं हा अपमान म्हणणाऱ्यांकडे. ऐकायला हे फार छान वाटतं. पण विदर्भातल्या माणसाने हे म्हणावं याचं मला नवल वाटतं, कारण आपलं अख्खं आयुष्य मोजण्यावर चालतं. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली आली का वर राहिली यावर महसुलाची सूट, पोरांची परीक्षा फी, वीजबिलाची सवलत ठरते. पैसेवारी चुकीची निघते म्हणून आपण बोंबलतो, तलाठ्याने बांधावर न जाता नजरेने काढली म्हणून मोर्चे निघतात, पण पीक मोजूच नका असं कोण्या शेतकऱ्याने म्हटलेलं ऐकलंय का कधी? तो म्हणतो, "माह्या वावरात येऊन पाहा." आणि वाईट मोजमापाचा जो भयंकर नमुना आपल्याकडे आहे, आत्महत्यांची पात्र-अपात्र यादी, तिथूनही हेच शिकायला मिळतं. जमीन स्वतःच्या नाहीतर घरच्यांच्या नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे, तर एक लाखाला पात्र. मक्त्याने शेती करणारा त्यात बसत नाही, आणि जिच्या नावावर सातबारा नाही ती बाई रोज शेतात राबली तरी कित्येकदा शेतकरी म्हणून धरली जात नाही. तिथे भांडणाऱ्यांनी मोजणी बंद करा म्हटलं नाही, निकष बदला म्हटलं. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी तहसीलमध्ये टेबल नाही, आणि टेबल नाही तिथे अर्ज द्यायचा कोणाकडे?

तशी सरकार एक गोष्ट वर्षाला मोजतंच म्हणा. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना महिन्याला १५०० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर (आजच्या काळात २१ हजारांत कोणतं कुटुंब वर्ष काढतं हे योजना लिहिणाऱ्यालाच ठाऊक). त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे का नाही एवढंच मोजतात.

मोजण्याविरुद्धचा खरा दमदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो दोन्ही बाजूंपैकी कोणीच नीट मांडत नाही. तो असा की माणसं खरं सांगत नाहीत, आणि खोटंही बोलत नाहीत, त्यांची अपेक्षाच तेवढी उरलेली असते. "कसं चाललंय?" "बरं हाय ना, जगून राहिलो." अमर्त्य सेन यांनी हे केरळ आणि बिहारच्या उदाहरणावरून दाखवलंय: केरळमध्ये आयुर्मान जास्त, दवाखाने बरे, पण आपण आजारी असल्याचं सांगणारी माणसं तिथेच जास्त, कारण ज्याला तब्येत म्हणजे काय ते माहीत आहे तोच तक्रार करतो. मग सासरच्यांनी काढून दिलेली, माहेरच्या ओसरीवर राहणारी, भाऊ-भावजयीच्या घरात वेगळी ताटवाटी धुऊन ठेवणारी बाई जर पाचपैकी चार मार्क देते, तर त्या चाराचा अर्थ काय लावायचा? त्यात तिला विचारतो कोण, तर ज्याच्या हातात तिच्या गोळ्या आहेत तोच. सर, मॅडम म्हणून जिच्यासमोर उभं राहायचं तिलाच कोण सांगेल की तुमच्या दवाखान्यात मला लांब उभं करतात?

फॉर्मचीही हीच कथा. जागतिक आरोग्य संघटनेचा एचआयव्हीसाठीचा जो छोटा फॉर्म आहे त्यात ३१ प्रश्न आहेत, शरीर, मन, स्वावलंबन, नाती, भोवतालची परिस्थिती आणि श्रद्धा अशा सहा भागांत. फॉर्म वाईट नाही, उलट लोक तुम्हाला दोष देतात याचा किती त्रास होतो, पुढच्या काळाची किती भीती वाटते, गरजेपुरता पैसा आहे का, असे नेमके प्रश्न त्यात आहेत. पण फुरसतीच्या वेळेचाही एक आहे. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे हाताला काम नसतं, तेव्हा हा प्रश्न विचारला की बाई म्हणते, "फुरसतच फुरसत हाय, सकाळपासून बसूनच हाव." लिहा पाच. तिची उपासमार आमच्या कागदावर आराम म्हणून चढायची. शिवाय सगळे प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल. दिवाळीनंतर कापूस विकून चार पैसे हातात असतानाचे दोन आठवडे आणि घरातलं बियाण्यात जाऊन उधारीवर किराणा चालू असताना आषाढातले दोन आठवडे, हे एकाच बाईचे असले तरी दोन वेगळ्या बाया आहेत. हे सगळं खरं आहे. पण यावरून फॉर्म फाडा असं कसं निघतं? ज्याला आकड्यावर भरवसा नाही त्याने दोनदा विचारावं, वेगळ्या माणसाकडून विचारावं, आणि "बरं हाय" च्या पुढचे प्रश्न विचारावेत: मागच्या महिन्यात लग्नाला गेला होता का, पंगतीत बसला का, गोळी कुठे ठेवता, आजारी पडलात तर गावातल्या दवाखान्यात जाता का ओळख नको म्हणून ४० किलोमीटर लांब. माणूस समाधान मोठं करून सांगेल, पण पंगतीत बसला का नाही याचं उत्तर हो नाहीतर नाही एवढंच आहे.

मग येतो शेवटचा आक्षेप, आणि हा मला सगळ्यात जड वाटतो. लोक म्हणतात, अहो कापूस वेचणाऱ्या मजुराला एचआयव्ही नसला तरी त्याची क्वालिटी ऑफ लाइफ कोणती मोठी आहे? त्याचाही स्कोअर पडेलच, मग यांचंच वेगळं कौतुक कशाला? बरोबर आहे, पडेल. म्हणूनच तोच फॉर्म त्याच गावातल्या, त्याच मजुरीच्या, आजार नसलेल्या माणसांकडूनही भरून घ्यायचा. दोघांचा पैशाचा स्कोअर सारखाच पडला तर ती गरिबी आहे, रोजगार हमीचं काम काढा. आणि शेजाऱ्याच्या तुलनेत जिथे यांचा स्कोअर घसरतो, तेवढा तुकडा आपण केलेला आहे, गोळीने नाही, व्हायरसने नाही. उलट मला वाटतं गावातल्या बाकी लोकांना ही तुलनाच नको आहे. गरिबीवर खापर फोडलं की सासरकडचे सुटतात, "तुह्यामुळंच मेला माहा पोरगा" म्हणणारी सासू सुटते, दिराच्या नावावर गेलेली चार एकर सुटते.

कुष्ठरोगाचा इतिहास तर आपल्या दाराशी घडला. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये काम उभं केलं, मग अमरावतीला तपोवन, वरोऱ्याला आनंदवन. ह्या संस्थांचा आपल्याला रास्त अभिमान आहे, पण त्या लागल्या का, तर गावं ह्या माणसांना परत घेत नव्हती म्हणून. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, जंतू मरायला लागला, आकडे धाडकन खाली आले आणि डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण झाले म्हणून निर्मूलन जाहीर झालं. टाळ्या पडल्या. आता दुसरी बाजू: कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवायचा १८९८ चा इंग्रजांचा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता, आणि कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मिळायची तरतूद २०१९ ला निघाली. औषध आल्यावर तीस-पस्तीस वर्षं! जंतूचा आकडा वर्षाला दिल्लीत जात होता, मोडलेल्या संसारांचा आकडा कोणाकडे जातच नव्हता, मग कायदा बदलायची घाई कोणाला असणार? एचआयव्हीमध्ये कायदा तरी लवकर आला, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, भाड्याच्या घरात भेदभाव करायचा नाही, वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमायचा, राज्याने लोकपाल नेमायचा. पण तक्रार करायची तर पहिलं नाव सांगायचं, आणि नाव लपवण्यातच तर सगळा जन्म चाललाय. म्हणून शून्य तक्रारी म्हणजे शून्य भेदभाव असा अर्थ निघतो. बिननावाने गोळा केलेला तालुक्याचा स्कोअर हीच इथे एकमेव तक्रार आहे जी कोणाचंही नाव न घेता करता येते.

२०१६ मध्ये काही संशोधकांनी तेव्हाच्या ९०-९०-९० ला चौथं ९० जोडा असं सुचवलं होतं, व्हायरस दबलेल्यांपैकी ९० टक्के लोकांचं जगणंही चांगलं असलं पाहिजे. कल्पना चांगली आहे पण मला भीती त्यातल्या टार्गेट या प्रकाराचीच वाटते. टार्गेट आलं की वरून दट्ट्या येतो, आणि दट्ट्या आला की बिचारी काउन्सेलर संध्याकाळी बसून सगळ्यांना चार-चार मार्क देऊन मोकळी होते. आताही स्कोअर कमी आला तर होतं काय, तर पेशंटला अजून एक काउन्सेलिंग. सकारात्मक राहा ताई, योगा करा. रेशन दुकानदार चारचौघांत टोमणे मारतो त्याला ताईने योगा करून काय होणार आहे, मार्गदर्शन त्या दुकानदाराला पाहिजे.

तेव्हा माझी मागणी अशी. फॉर्म सेंटरवाल्यांनी भरायचा नाही, स्वतः पॉझिटिव्ह असलेल्या आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसांनी भरून घ्यायचा. घरी जायचं नाही, घरी गेलं की गल्लीला कळतं. औषध न्यायला लोक येतातच, तेव्हा बाजूच्या खोलीत. वर्षातून दोनदा, एकदा आषाढात आणि एकदा दिवाळीनंतर. तालुक्यात पेशंट फार थोडे असतील तर दोन तालुके जोडायचे म्हणजे कोणी ओळखू येणार नाही. आणि जिल्ह्याच्या बैठकीत हे आकडे वाचले जातील तेव्हा प्रवासाचा आकडा एसटीच्या विभाग नियंत्रकाने वाचायचा, पैशाचा तहसीलदाराने, दवाखान्यातल्या वागणुकीचा सिव्हिल सर्जनने, आणि मागच्या वेळेपेक्षा तो खाली आला असेल तर का, हे त्यानेच लेखी द्यायचं. एसटीपुरतं तर हे उद्यासुद्धा होऊ शकतं: सगळ्या सवलतवाल्यांना एकसारखं कार्ड द्या आणि त्यावर आजाराचं नावच छापू नका.